दर पावसाळ्यानंतर रेकॉर्ड पुन्हा खरखरते? तबकडीबरोबर तिचं पाकीटही तपासा

गणपती उरकले की हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. मे महिन्यात स्वच्छ वाजणारी एलपी (विनाइल या प्लास्टिकची मोठी तबकडी) सप्टेंबरात कपाटातून काढली तर खरखरते. ती धुतली की काही दिवस छान वाजते आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा तेच. असं दोन-तीन वर्षं झालं की माणूस वैतागतो. सगळं एकदाचं पेनड्राइव्हवर घ्यावं आणि तबकड्या जुन्या बाजारात देऊन मोकळं व्हावं, असं त्याला वाटू लागतं.

देऊन टाकण्याआधी थोडं थांबा. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या दमट हवेत येणारी ही खरखर बहुतेक वेळा बुरशीची असते, आणि एलपीवरची बुरशी वेळेत काढली तर आवाज जवळजवळ पूर्ण परत मिळतो. ती पुन्हा पुन्हा येते, कारण आपण तबकडी धुतो आणि तिला त्याच सादळलेल्या पाकिटात परत घालतो. बुरशीची बीजं त्या कागदात असतात. पुढचा जून आला की ती पुन्हा फुटतात.

आधी आवाज नीट ऐका

सगळी खरखर एका कारणाची नसते. कारण न कळता पाणी लावलं तर मेहनत फुकट जाते, शिवाय नुकसानही होऊ शकतं.

ठरावीक अंतराने ‘टक्’ होत असेल तर घड्याळ लावून बघा. मिनिटाला ३३ १/३ फेऱ्या घेणाऱ्या एलपीवर दर १.८ सेकंदांनी आणि ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर (तिलाच ‘७८’ म्हणतात) साधारण पाऊण सेकंदाने तोच आवाज येत असेल, तर तो आडवा ओरखडा किंवा तडा आहे. धुऊन तो जाणार नाही.

गाण्याच्या मागे भजी तळल्यासारखा सलग आवाज येत असेल तर मळ, बुरशी किंवा झीज यांपैकी काहीतरी आहे. तबकडी हातात तिरकी धरून बाजूने टॉर्चचा उजेड पाडा आणि घड्याळवाले वापरतात तसल्या दहापट भिंगातून पाहा. बुरशी फांद्या फुटल्यासारखी पसरते, तिचे पांढरट किंवा राखाडी डाग गोलसर असतात आणि पाकिटाला कोंदट वास येतो. धूळ सुटी दिसते, फुंकर मारली की हलते. झीज झालेल्या खाचा (ज्यांतून पिन फिरते) मात्र करड्या आणि निस्तेज दिसतात, त्यांच्यावरची चमक गेलेली असते.

फक्त चढ्या सुरावर किंवा बाजू संपत आली की आवाज फाटत असेल, तर आधी पिन तपासा. चांगली असल्याची खात्री असलेली दुसरी रेकॉर्ड लावा. तीही फाटली तर दोष पिनचा. आणि कोरड्या हवेत, म्हणजे विदर्भ-मराठवाड्यात हिवाळ्यात, अधूनमधून तडतड होत असेल तर ती बहुधा स्थिर विजेची. कार्बन फायबरचा ब्रश फिरवला की ती बरीच कमी होते, धुण्याची गरज नाही.

७८ च्या बाबतीत एक कारण हमखास निसटतं. ७८ ची खाच रुंद असते. तिच्यासाठी ६५ ते ७५ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पिन लागते. एलपीची पिन असते १८ मायक्रॉनच्या आसपास. एलपीच्या पिनने ७८ वाजवली की ती खाचेच्या भिंतींना न टेकता तळाशी जाऊन बसते, आणि तिथे वर्षानुवर्षांचा मळ साठलेला असतो. बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ‘गेल्या’ म्हणून बाजूला टाकणाऱ्यांनी आधी योग्य पिन लावून बघावी. फरक ऐकल्यावर विश्वास बसत नाही, इतका तो मोठा असतो.

बुरशी नेमकं करते काय

हवेतला दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरायला लागते. आपल्याकडे किनारपट्टीवर जुलै-ऑगस्टमध्ये तो ८० च्याही वर असतो, आणि बंद कपाटातली हवा हलत नाही. खायला मात्र तिला भरपूर मिळतं: पाकिटाचा कागद, पुठ्ठ्याची खळ, बोटांचा तेलकटपणा, धूळ. एलपी ज्या विनाइलची असते ते तिला फारसं पचत नाही, म्हणून ती वरवर बसते. पण तिचा धागा दोन ते दहा मायक्रॉन जाडीचा असतो, आणि एलपीच्या खाचेतले बारकावेही त्याच मापाचे असतात. म्हणून पिनला प्रत्येक धागा लागतो आणि प्रत्येक धक्का स्पीकरमधून ऐकू येतो.

७८ ची गोष्ट वेगळी. ती लाखेची असते, लाखेत दगडाची पूड, काजळी आणि कधी कापसाचे तंतू कालवलेले असतात. लाख हा निसर्गातला राळेसारखा पदार्थ असल्यामुळे बुरशी तिला खरोखर खाऊ शकते. त्या जागी पृष्ठभाग खडबडीत होतो आणि ते नुकसान भरून निघत नाही. म्हणून घरात दोन्ही प्रकार असतील तर पावसाळ्याआधी ७८ कडे पहिल्यांदा बघा.

धुताना

तोंडाला मास्क लावा आणि हे काम गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी करा. बुरशी लागलेली तबकडी घरात कोरड्या ब्रशने झाडू नका. बीजं उडून बाकीच्या तबकड्यांवर बसतात आणि तुमच्या छातीतही जातात.

पाणी डिस्टिल्ड घ्या. नळाच्या आणि बोअरच्या पाण्यातले क्षार खाचेत वाळून बसतात आणि नवी खरखर तयार होते. घरच्या आरओ फिल्टरमधून आलेल्या पाण्यातही थोडे क्षार राहतातच. एक लिटर पाण्यात फोटो धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे (पाणी सारखं पसरवणाऱ्या द्रव्याचे) चार-पाच थेंब पुरतात. तो मिळाला नाही तर बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब चालेल, पण मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवा, कारण साबणाचा थर राहिला तर तोही वाजतो. मऊ केसांचा ब्रश किंवा मायक्रोफायबरचं फडकं खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवं कधीच नको. मधलं लेबल कोरडं ठेवा. नंतर भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी ठेवून पंख्याखाली वाळू द्या.

स्पिरिट, सॅनिटायझर, आयसोप्रोपिल यांतलं काहीही ७८ ला लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, पॉलिशवाले ती स्पिरिटमध्येच विरघळवतात. तबकडीवर एकदा ते पुसलं की खाच गेली, ती परत येत नाही. ७८ ला पाणीसुद्धा थोडं आणि झटपट: ओलं फडकं फिरवा, लगेच कोरडं करा. तडा गेलेल्या ७८ ला पाणी लावूच नका. काही तबकड्यांच्या आत कागदाचा थर असतो, तड्यातून पाणी शिरलं की तो फुगतो आणि वरचा पापुद्रा सुटतो.

डेटॉल, व्हिनेगर, खोबरेल तेल, टाल्कम पावडर हे सगळे उपाय लोक सांगतात. यांतला एकही करू नका. तेल आणि पावडर तर बुरशीला आणि धुळीला आमंत्रणच.

आणि ऊन! पावसाळा संपला की गाद्या, पापड, पुस्तकं सगळ्यांना ऊन दाखवायची आपली पद्धत. ती रेकॉर्डला लावू नका. काळी तबकडी ऑक्टोबरच्या उन्हात पटकन तापते आणि ६० अंशांच्या आसपास विनाइल मऊ पडून वाकायला लागतं. बंद गाडीत मागच्या काचेखाली ठेवलेल्या एलपीचं हेच होतं. एकदा वाकलेली तबकडी काचांमध्ये दाबून सरळ करायचे प्रयोग लोक करतात. वाक थोडा निघतो, पण जास्त ऊब लागली तर खाचाच बिघडतात. दुर्मिळ तबकडीवर तो धोका मी कुणाला पत्करायला सांगणार नाही.

पिन उडते म्हणून पिकअपच्या डोक्यावर, म्हणजे पिन बसवलेल्या टोकावर, रुपयाचं नाणं ठेवणंही बंद करा. आजच्या बहुतेक मॅग्नेटिक कार्ट्रिजना (पिन जिच्यात बसवलेली असते ती छोटी डबी) दीड ते अडीच ग्रॅम दाब पुरतो. नाण्याने त्यात चारेक ग्रॅमची भर पडते आणि खाच सोलली जाते. पिन उडत असेल तर कारण शोधा: खाचेतला मळ, वाकलेली तबकडी, चुकीचा समतोल किंवा झिजलेली पिन. जुन्या पोर्टेबल प्लेअरमधली सफायरची पिन फार लवकर झिजते, हिऱ्याची काहीशे तास टिकते. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई तर एका बाजूपुरतीच असते. ती प्रत्येक वेळी बदलायची, आणि त्या यंत्रावर एलपी कधीच लावायची नाही.

आता पाकीट

बहुतेक जण तबकडी वाळली की थांबतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा हेच शोधत बसतात. म्हणून हा भाग सर्वांत महत्त्वाचा.

आतलं कागदी पाकीट बदला. त्यावर माहिती किंवा चित्र छापलेलं असेल तर फेकू नका. सावलीत वाळवा, मऊ ब्रशने घराबाहेर झाडा आणि वेगळं ठेवा. तबकडीसाठी पॉलिथिनचं, किंचित दुधी दिसणारं पाकीट घ्या. जाड, चकचकीत, पारदर्शक पीव्हीसीची पाकिटं दिसायला छान वाटतात, पण त्यांच्यातून मऊपणासाठी घातलेली द्रव्यं हळूहळू बाहेर येतात आणि तबकडीवर धुरकट डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. नव्या एलपीवरचं घट्ट प्लास्टिकही काढून टाका. ते आकसत जातं तशी तबकडी वाकते.

बाहेरचं पुठ्ठ्याचं कव्हर आपण जिवापाड जपतो आणि तिथेच बुरशीचं घर असतं. चोरबाजारातून किंवा पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेली रेकॉर्ड थेट आपल्या ओळीत लावू नका. कव्हर काही दिवस पंख्याखाली उघडं ठेवा, आतली बाजू तपासा. वास जात नसेल तर तबकडी नव्या पाकिटात एकीकडे आणि जुनं कव्हर दुसरीकडे ठेवा. दोन्ही शेजारी उभी करण्याचा मोह आवरा.

वेळही महत्त्वाची. जुलैत तबकडी धुऊन प्लास्टिकमध्ये बंद केली तर जुलैची ओल तिच्याबरोबर आत कोंडली जाते. साफसफाई आणि पाकिटं बदलणं मृग लागायच्या आधी उरकावं, किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत बरं. कपाटात दमटपणा मोजणारं छोटं यंत्र ठेवा, काही शे रुपयांना मिळतं. काटा ४० ते ५० च्या दरम्यान असावा, ६० च्या वर जाऊ देऊ नये. सिलिका जेल ठेवणार असाल तर रंग बदलणारं घ्या आणि रंग बदलला की गरम करून पुन्हा कोरडं करा. एकदा टाकून विसरलेली पुडी काहीच करत नाही. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, त्यांनी हवेतली ओल कमी होत नाही.

तबकड्या उभ्या ठेवा, न कलता, न दाबता. एकावर एक थप्पी लावली की खालच्या वाकतात, आणि ७८ असेल तर फुटतात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट पावसाळ्यात भिंतीबरोबर ओल धरतं. ते वीतभर पुढे ओढलं तरी फरक पडतो.

मग सीडीवर घेऊन तबकडी काढून टाकली तर?

हा प्रश्न रास्त आहे, पण त्यामागे एक समजूत असते: नवं ते जास्त टिकतं. तसं नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जानच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण झालं. त्या काळच्या तबकड्या संग्राहकांकडे आजही वाजतात. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची लाख आहे ती, आणि जगभरच्या तबकड्यांसाठी ही लाख मुख्यतः भारतातूनच जायची. तबकडी झिजते, खरखरते, पण खरखरीच्या मागे गाणं ऐकू येतं. बिघाड आपल्याला आधीच कळतो आणि काहीतरी करायला वेळ मिळतो.

सीडीचं नेमकं उलट. १९८२ मध्ये ती आली तेव्हा ती कायमची टिकणार असंच लोकांना वाटलं होतं. तिच्यात चुका दुरुस्त करण्याची सोय असते, म्हणून थोडं नुकसान झालं तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. नुकसान वाढत जातं आणि एके दिवशी गाणं अडकतं किंवा सीडी उघडतच नाही. शिवाय आपण चमकणारी बाजू जपतो आणि छापील बाजूकडे दुर्लक्ष करतो. माहिती धरून ठेवणारा ॲल्युमिनियमचा थर छापील बाजूलाच, पातळ लाकरच्या (वार्निशसारख्या लेपाच्या) खाली असतो. तिथे बॉलपेनने लिहिलं किंवा स्टिकर लावला तर नुकसान थेट त्या थराला. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच सीडी कडेपासून तपकिरी पडत गेल्या. लाकर कच्चं होतं, आणि सोबतच्या छापील कागदातल्या गंधकाची त्याच्याशी गाठ पडली. इथेही पाकिटातला कागदच नडला.

घरी किंवा दुकानात ‘बर्न’ केलेली सीडी तर आणखी नाजूक. तिच्यात छापलेले खड्डे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उजेडाने व उष्णतेने उतरतो. वीसेक वर्षांपूर्वी ज्यांनी एलपीवरून सीडी करून घेतल्या आणि तबकड्या विकल्या, त्यांनी त्या सीडी आज कॉम्प्युटरवर उघडून बघाव्यात. ज्या चालतात त्यांची आजच नक्कल करून घ्यावी.

कॅसेटला पाकीट नाही, पण बंद प्लास्टिकच्या डबीत तीच ओल कोंडते. खिडकीतून फितीच्या गुंडाळ्यावर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका. बुरशी डेकच्या हेडवर जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. फितीला दाबून धरणारा छोटा गादीचा तुकडा गळून पडला असेल तर फीत बरी असूनही आवाज दबका येतो. स्क्रूवाल्या रिकाम्या कॅसेटच्या कवचात फीत हलवली की ती पुन्हा वाजते.

हार्ड डिस्क आणि पेनड्राइव्ह हे सोयीचे आहेत, जपणुकीचे नाहीत. ते न सांगता बंद पडतात. ऑनलाइन ऐकायला मिळतं तेही कराराच्या मुदतीवर अवलंबून असतं, आणि जुन्या नाट्यसंगीताच्या कितीतरी तबकड्या तिथे पोचलेल्याच नाहीत.

१९७७ मध्ये अंतराळात सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर माणसाचं संगीत पाठवलं गेलं, तेव्हा सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर खाचा कोरल्या गेल्या. त्यात गोव्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, आहे. ती तबकडी मिनिटाला १६ २/३ फेऱ्यांनी वाजवायची आहे आणि तिच्यासोबत कार्ट्रिज, पिन आणि वाजवण्याच्या खुणाही पाठवल्या आहेत. टिकणं म्हणजे वाजवण्याचं साधन सोबत असणं, हे त्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. आपल्याकडेही तबकडीबरोबर चालू टर्नटेबल आणि जादा पिन जपली पाहिजे.

नक्कल करा, पण नीट

डिजिटल नक्कल जरूर करा, तबकडी ठेवून. आधी धुवा, योग्य पिन लावा, मग ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारी) फाइल करा. चाळीस मिनिटांच्या एलपीला वेव्हमध्ये साधारण १.४ जीबी लागतात, आजच्या डिस्कवर ती जागा काहीच नाही. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. खरखर काढणारे फिल्टर पहिल्या फाइलवर चालवू नका. मूळ फाइल खरखरीसकट ठेवा आणि साफ केलेली वेगळी. खरखर पुसताना तंबोऱ्याची आस आणि आवाजातला श्वासही पुसला जातो. उद्या याहून चांगलं तंत्र आलं तर मूळ फाइलच कामाला येईल.

तीन प्रती असाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. मृगाच्या आधी कपाट आवराल तेव्हा त्या उघडूनही बघा. फ्लॅक फाइलमध्ये स्वतःची तपासणी खूण साठवलेली असते, त्यामुळे फाइल बिघडली आहे का हे यंत्रच सांगतं.

एक प्रकार मात्र घरी हाताळू नका. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या लाकरचा थर असलेल्या, थेट कोरलेल्या तबकड्या रेडिओच्या काळातल्या सामानात क्वचित सापडतात. लेबल बहुधा हाताने लिहिलेलं असतं, मधल्या भोकाच्या कडेला धातू दिसतो. त्यांच्यावर पांढरा तेलकट थर येतो आणि तो बुरशीसारखा दिसतो, पण ती लाकरमधून बाहेर आलेली द्रव्यं असतात. लाकर आकसून कधीही तडकू शकतं, आणि प्रत्येक वेळी वाजवताना थोडा आवाज कायमचा जातो. ती बहुधा एकुलती एक प्रत असते. तिला धुऊ नका, वाजवू नका, कोरड्या जागी उभी ठेवा आणि आधी जाणकाराला दाखवा. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी जुन्या तबकड्यांचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. अशी तबकडी पहिल्यांदा वाजेल तेव्हा रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे.